उशिराचा ठोका

लाँड्रीतल्या बाईने कपड्यांचं गाठोडं पुढे सरकवलं, आणि नेमकं त्याच वेळी वरच्या मजल्यावर कुणीतरी ड्रम वाजवायला सुरुवात केली. हेर्लान पाकीट काढत होता. त्याचा हात खिशातच राहिला. पायाचा ठोका बरोबर होता, झांजेवरची काठीही बरोबर होती, पण डाव्या हाताची काठी जिथे पडायला हवी तिथे पडत नव्हती. पाऊल उचलावं आणि खाली पायरी आहे की नाही या शंकेने ते तसंच अधांतरी राहावं, तसा तो हात हवेत रेंगाळत होता, आणि ऐकणाऱ्याने आशा सोडली की मग हळूच खाली येत होता. हेर्लानच्या मानेवर घाम आला. इंडोनेशियातल्या डोंगराळ बांडुंगमध्ये त्या दिवसांत दुपारीसुद्धा अंगात जाकीट लागतं, तरी घाम आला. तो हात यायतचा होता. जगात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता. आणि यायतला मातीत ठेवून वीसेक वर्षं होऊन गेली होती.

"बायकोची नमाजाची वस्त्रं वेगळी घडी घातलीयत," बाई म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काय झालं? बसता का जरा?"

"वर कोण राहतं?"

"फौझान. मालकीणबाईंचा भाचा. दिवसभर हेच चालतं. त्यापेक्षा आमचं मशीन बरं, निदान कपडे धुऊन झाले की थांबतं तरी."

आतल्या इस्त्रीवाल्या मुली हसल्या. हेर्लानही हसल्यासारखं करून बाहेर आला, स्कूटरला गाठोडं अडकवलं, किल्ली लावली, आणि ती पुन्हा काढून बाजूच्या लोखंडी जिन्याने वर गेला. आपण का जातोय हे त्याला कळत नव्हतं. गेली कित्येक वर्षं त्याने संगीत असं ऐकलंच नव्हतं. त्याचा धंदा लग्नांना स्पीकर भाड्याने देण्याचा, मशिदींचे कर्णे बसवून देण्याचा. आवाज त्याच्या हातून रोज जायचा, पण तो आवाज म्हणजे आवाज, कर्कश आहे की स्वच्छ आहे एवढंच बघायचं. तापातून उठलेल्या माणसाच्या जिभेला जशी कशाचीच चव लागत नाही, आणि आज लागेल, उद्या लागेल म्हणत तो भात चिवडत बसतो, तसं पुताव सोडल्यानंतर त्याच्या कानांचं झालं होतं. पुताव, म्हणजे हेरॉईन. त्या काळी बांडुंगची पोरं तिला याच नावाने ओळखायची, एखाद्या शेजारच्या मुलीचं नाव घ्यावं तशी. त्याने ती सोडली, यायतच्या मृत्यूनंतर दीड-दोन वर्षांनी, उलट्या करत, आईच्या घरातल्या मागच्या खोलीत, बाहेरून कडी लावून घेऊन. शरीर हळूहळू परत आलं. भूक आली, झोप आली, पुढे नुनुंगशी लग्न झालं, मुलगी झाली. कान तेवढे आले नाहीत. सूर एकेकटे यायचे, रांगेतल्या अनोळखी माणसांसारखे, एकमेकांना न शिवता, आणि निघून जायचे. त्याने बेस गिटार विकून टाकली नाही, पण कपाटावर टाकली, आणि तिच्यावर नुनुंगने जादा उशा रचल्या.

दार उघडंच होतं. आत चोवीस-पंचवीस वर्षांचा एक शेलाटा तरुण डोळे मिटून वाजवत होता. भिंतींना जुन्या गाद्या खिळ्यांनी ठोकलेल्या. त्याने डोळे उघडले, हेर्लानला पाहिलं, आणि त्याच्या हातातली काठी खाली पडली.

"कांग हेर्लान?" तो उठून उभाच राहिला. मोठ्या भावाला म्हणतात तसं 'कांग' म्हणताना त्याचा आवाज चिरकला. "शप्पथ सांगतो, खरंच तुम्हीच? फोटोतले केस गेले तुमचे!"

"गेले," हेर्लान म्हणाला. "हे तू कुठे शिकलास?"

"काय?"

"हा डावा हात."

फौझान लाजला. "येतंय ना थोडं? सगळेच शिकतात, कांग. तुमची ती टेप ऐकून. आमच्या इथे प्रत्येक ड्रमवाला यायत व्हायला बघतो. मागे राहायचं, पण पडायचं नाही. अर्ध्यांना जमत नाही, ते नुसतेच उशिरा वाजवतात, बैलगाडीसारखे." त्याने हेर्लानसाठी स्टूल पुसलं, सिगारेट पुढे केली, लवंगेचा वास खोलीभर झाला. "मी कॉलेज सोडलं याच्यापायी. मावशी म्हणते, मेलेल्या माणसाची नक्कल करून पोट भरतं का? मी म्हटलं, जिवंतांची करून तरी कुठे भरतंय."

ती टेप अजून आहे, ती पोरं ऐकतात, हे हेर्लानला ठाऊक होतं आणि नव्हतंही. कुणीतरी कॅसेटवरून ती उतरवून घेतली, मग ती या फोनमधून त्या फोनमध्ये गेली, एकदा एका लग्नात एका पोराने आदराने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं होतं आणि तो तिथून निघून आला होता. त्याने स्वतः ती कधी ऐकली नव्हती. ऐकायची गरज नव्हती. टेप झाली ती दुपार त्याच्या आत जशीच्या तशी होती, त्याच्या साऱ्या आयुष्यात तेवढी एकच होती. टेप ऐकली आणि कान असे मेलेले, आणि त्यांना तीही लग्नातल्या बँडसारखी सपाट लागली, तर मग काय उरलं? म्हणून त्याने ती झाकून ठेवली होती.

यायतच्या बहिणीच्या घराची मागची खोली. चौघे जण. गायक, जो पुढे धर्माकडे वळला आणि आता संगीत हराम आहे असं सांगत फिरतो, गिटारवाला, जो बाताम बेटावर कारखान्यात लागला, हेर्लान, आणि यायत. सुरुवात गांजापासून झाली होती, आणि गांजा हा गमतीचा सोबती होता. त्याने काळ ताणला जायचा. दोन सुरांच्या मध्ये इतकी जागा व्हायची की तिथे चटई टाकून बसावं. बेसची जाड तार एकदा छेडली की तिचा आवाज सुरू होतो कुठे, पोटात कसा उतरतो, विरताना लाकडाचा वास कसा येतो, सगळं दिसायचं. एक तार, एक संध्याकाळ. मात्र दुसऱ्या दिवशी टेप लावली की सगळे ओशाळायचे. जे अथांग वाटलं होतं ते नुसतं लांबलेलं असायचं. यायत पोट धरून हसायचा. "बघ रे, काल आपण देवाला भेटलो आणि देव बेसूर निघाला!" यायत मोठा हसरा. इथले सुंदानी लोक हसरेच, पण हा हसताना मागे कलंडायचा. मग पुताव आली. तिने काळ ताणला नाही, तिने काळाची गरजच काढून टाकली. जे वाजेल ते वाजू दे. चुकण्याची भीती गेली, आणि भीती गेल्यावर हात आपोआप जातात अशी जागा सापडली, जिथे आपण वाजवत नसतो, कुणीतरी आपल्याला वाजवत असतं. निदान तसं वाटायचं. टेप दुसऱ्या दिवशी लावायची सवयही तिनेच सोडवली.

"कांग, एक विचारू?" फौझानने फोन स्पीकरला जोडला. "शेवटच्या भागात एक आवाज आहे. आमच्यात पैजा लागतात. कुणी म्हणतं गजाने तार घासलीय, कुणी म्हणतं बेसला काहीतरी यंत्र लावलंय. तुम्ही त्याच्यावर वाजवता ना, सवाल-जबाबासारखं? काय आहे ते?"

हेर्लान नको म्हणायला गेला, तोवर टेप सुरू झाली होती.

आणि कान उघडले. इतकी वर्षं जे मेलेले होते ते. पहिल्याच मिनिटात त्याला खोलीतली ओल ऐकू आली, गिटारवाल्याच्या चपलेचं करकरणं, स्वयंपाकघरातून येणारा तळणीचा आवाज. एंतिन तेह, म्हणजे एंतिनताई, यायतची मोठी बहीण, तिकडे भजी तळत होती. मग यायतचा डावा हात. सुरुवातीला तो किंचितच मागे होता, मुद्दाम, खोडकर. मग जरा अधिक. हेर्लानला आठवलं, त्या वेळी आपल्याला वाटलं होतं की एक भिंत हळूहळू मागे सरकतेय आणि खोली मोठी होतेय. त्या वाढत्या जागेत तो सूर टाकत गेला होता. आता तो ऐकत होता आणि त्याला खोली मोठी होताना ऐकू येत नव्हती. एका माणसाचा हात जड होताना ऐकू येत होता. ठोका मागे पडत होता कारण काठी उचलली जात नव्हती. दर वेळी थोडी कमी उचलली जात होती. मग काठी पडल्याचा आवाज, लादीवर, दोनदा उडून. आणि चौघांपैकी कुणीतरी, बहुधा तो स्वतःच, हलकेच म्हणालं, "वाहवा."

मग तो आवाज. खालून येणारा, घरघरणारा, ओला. थांबणारा. पुन्हा येणारा. खोलवर, जाड, एका लयीत, आणि ती लय सैल होत जाणारी. आणि त्याच्या प्रत्येक येण्याला बेसचा एक सूर, इतका अचूक, इतका मायेने टाकलेला, की तसा सूर हेर्लानने आयुष्यात पुन्हा कधी टाकला नाही. घरघर. सूर. घरघर. सूर. मग घरघर उशिरा आली, आणि बेस थांबला तिच्यासाठी, वाट पाहिली, आणि ती आल्यावरच पडला. मग खूप उशिरा. मग टेप संपली.

"काय आहे ते, कांग?"

"अँप्लिफायर," हेर्लान म्हणाला. "जुना होता. घरघरायचा."

"छ्या! म्हणजे पैज कुणीच नाही जिंकलं." फौझान हसला, पण त्याचे डोळे हेर्लानच्या तोंडावरच होते. "आणखी एक. खरं सांगा हां. मला सगळं येतं, टेपमधला प्रत्येक ठोका येतो. पण आतलं येत नाही. सगळे म्हणतात, जे त्यांनी घेतलं ते घेतल्याशिवाय ते यायचं नाही. खरंय का?"

हेर्लान उठला, गुडघ्याला स्टूल लागून पडलं, आणि जिना उतरताना त्याला मागून ऐकू आलं, "कांग, परत याल ना? उद्या या ना, वाजवू!"

उतारावरून स्कूटर आपोआप चालली होती. सिग्नलला शेजारच्या गाडीतून काहीतरी गाणं येत होतं आणि तेही आता त्याला नीट ऐकू येत होतं, हिरवंगार, सगळे सूर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेले, आणि त्याचीच त्याला धास्ती वाटली. कान परत आले तेही अशा वाटेने. त्या दुपारी टेप संपल्यानंतर काय झालं होतं? काही नाही. ते बसून राहिले होते. गिटारवाला भिंतीला टेकून हसत होता. शांतता फार सुंदर होती, यायत तिच्या मधोमध मान खाली घालून बसला होता, आणि हेर्लानला वाटलं होतं की थांबावं तर असं. एंतिन तेहने दार वाजवलं, "भजी निवतायत रे", आणि त्यांना त्या ठकठकीतही लय सापडली, आणि ते हसले, आणि कुणी उठलं नाही. दार उघडलं तेव्हा भजी निवली होती, यायतचे ओठ जांभळे झाले होते, आणि उचलायला गेलेल्या हेर्लानच्या हाताला त्याची मान लागली, तीही थंड. गल्लीतले लोक म्हणाले, वारा बसला. इथे अचानक कुणी गेलं की असंच म्हणतात. बाहेर हिंडणारा वारा माणसाच्या छातीत शिरतो आणि बसून राहतो. सगळ्यांनी ते मान्य केलं, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. मयताचं पठण झालं, खोके भरून भात वाटला, आणि वारा बसला. हेर्लाननेही त्याच्यावर विश्वास ठेवला. तो नेहमी समजत आला होता की यायत टेपनंतर गेला. आधी संगीत, मग मरण. दोन्हींच्या मध्ये एक दार होतं, आणि ते दार त्याने इतकी वर्षं पाठीने दाबून धरलं होतं. आता कळत होतं की दार नव्हतंच. ज्याच्यावर तो वाजवत होता, तेच ते मरण होतं.

नुनुंगने गाठोडं सोडलं आणि विचारलं, "तोंड का असं? कुणाचं लग्न मोडलं का, स्पीकर परत आले?" तो म्हणाला, डोकं दुखतंय. तिने त्याच्या पाठीवर तेल लावून नाण्याने तांबड्या रेघा ओढल्या, वारा निघावा म्हणून, आणि तो उशीत तोंड खुपसून पडून राहिला. लहान मुलीने विचारलं, बाबांना फार दुखतंय का? नुनुंग म्हणाली, नाही गं, वारा निघतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एंतिन तेहकडे गेला. घर तेच, पुढे आता तिने टोफू-भज्यांची गाडी टाकली होती. तिचे केस पिकले होते, ओढणीच्या कडेने दिसत होते. तिने त्याला पाहून झारा खाली ठेवला नाही.

"लान," ती म्हणाली, लहानपणीच्या नावाने. "ईदला येत नाहीस, लग्नाला बोलावत नाहीस, आणि आज तोंड घेऊन आलास. बस. मिरची चावशील ना, की तेही सोडलंस?"

तो बाकावर बसला. तिने त्याच्यापुढे बशी ठेवली. त्याने सकाळभर वाक्यं जुळवली होती. टेप बंद करायला हवी, तेह, पोरं त्यापायी बिघडतायत. तेवढंच म्हणायचं, बाकीचं नाही.

"टेपबद्दल बोलायला आलोय."

"मग बोल."

"ती पोरं ऐकतात ना. ती कुणी ऐकू नये असं मला वाटतं. तुझ्याकडे मूळ कॅसेट आहे. तू म्हणालीस तर ऐकतील, तुझा हक्क आहे. तिच्यात..." त्याने बशी बाजूला सारली. "तिच्यात शेवटी एक..."

"घोरणं आहे," एंतिन म्हणाली.

तेलात काहीतरी तडतडलं. ती झाऱ्याने भजी उलटत राहिली.

"एका खोलीत वाढलोय आम्ही. आई, मी आणि तो, एका गादीवर. मला कळणार नाही त्याचं घोरणं? पण असं नव्हता घोरत तो. हे खोलातलं होतं, पाण्यातून आल्यासारखं. पहिल्यांदा लावली तेव्हाच कळलं, पठणाच्या सातव्या दिवशी. तुम्ही सगळे पुढे बसून चहा पीत होतात."

"तू बोलली नाहीस."

"काय बोलू? तू वाजवत होतास. मी दारात भजी घेऊन उभी होते. कुणाला काय बोलणार?" तिने भजी कागदावर काढली, तेल निथळू दिलं. "त्या कॅसेटच्या नकला मीच वाटल्या, लान. तुला ठाऊक नसेल. येईल त्या पोराला दिली. आई जाईपर्यंत रोज दुपारी लावायची, शेवटच्या भागाला मान हलवायची. म्हणायची, बघ, अजून झोपलाय. मी तिला खरं सांगितलं का? नाही सांगितलं. आता मीही लावते. जगात त्याचा श्वास तेवढाच उरलाय. तो तू बंद करायला आलायस?"

तिच्या आवाजात राग असता तर हेर्लानला बरं वाटलं असतं.

"आणि तुझे ते सूर," ती म्हणाली, गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता, "त्याबद्दल मी खूप विचार केला. शेवटी कुणीतरी सोबत होतं, असं म्हणायचं की काय म्हणायचं? मला अजून ठरवता येत नाही. खा. निवतायत."

त्याने खाल्ली. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं ते बरं झालं. उठताना त्याने फक्त एवढं म्हटलं की एक मुलगा आहे, फौझान, तो यायतसारखं वाजवतो, आणि यायतने काय घेतलं होतं ते विचारतो. एंतिनचा झारा तेव्हा पहिल्यांदा थांबला.

"मग तू इथे काय करतोयस?" ती म्हणाली. "ऊठ. जा."

घरी येऊन त्याने उशा खाली टाकल्या आणि बेस काढली. तारा गंजल्या होत्या. रिकाम्या हाताने गेलं तर तो मुलगा ऐकणार नाही असं त्याला वाटलं. वाजवणारा माणूस वाजवणाऱ्याचंच ऐकतो. दुपार कलायच्या आत तो लोखंडी जिना चढला. फौझान ड्रमसमोर बसला होता, स्वस्थ, हात मांडीवर. "आलात," तो हसून म्हणाला. इतकं शांत हसू की हेर्लानला धीर आला. त्याने सरळ सांगायला सुरुवात केली. तो अँप्लिफायर नव्हता. एकेक गोष्ट सांगितली, काठी, घरघर, ओठ, भजी. सांगताना तो जमिनीकडे पाहत होता. फौझानने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि हेर्लानला वाटलं, ऐकतोय, मनावर घेतोय.

"म्हणजे तो मरत होता," फौझान म्हणाला.

"हो."

"आणि तुम्हाला तेव्हा कसं वाटत होतं?"

हेर्लानने त्या प्रश्नाची तयारी केली नव्हती. "काहीच नाही. भान नव्हतं."

"खोटं, कांग." आवाज फार हळू, फार मऊ. "ऐकू येतं त्यात. इतकं सुख मी कुणाच्या वाजवण्यात ऐकलेलं नाही."

खालून धुलाईच्या मशीनची थरथर जमिनीतून वर येत होती. हेर्लानने उत्तर म्हणून बेस जोडली. म्हणाला, वाजव, पण पुढे वाजव, माझ्याबरोबर, समेवर. त्याने मनाशी ठरवलं होतं की या मुलाचा हात धरून त्याला पुढे ओढायचं, त्या मेलेल्या हाताच्या पकडीतून सोडवायचं. गंजलेल्या तारेने बोटाला ओरखडा काढला. पहिली काही आवर्तनं त्याने ओढलंही. मग फौझानचा डावा हात मागे राहिला. किंचित. मग अधिक. आणि हेर्लानच्या बोटाने, त्याला न विचारता, वाट पाहिली. ठोका आला तेव्हा सूर त्याच्यावर अलगद पडला, आणि ते आलं. तेच. भिंत मागे सरकली. काहीही न घेता, भर दुपारी, टक्कल पडलेल्या डोक्याने. म्हणजे ते पुतावचं नव्हतं, ते आपलंच होतं, एवढी वर्षं आपल्याच खिशात होतं, असा एक विचार त्याच्या मनात चमकून गेला आणि त्याला हसू फुटलं, आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने त्याने मान वर केली, फौझानला ते सांगायला.

आल्यापासून त्याने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं होतं. फौझानचे डोळे अर्धवट उघडे होते, आणि बुबुळातला काळा ठिपका टाचणीने टोचल्याएवढा झाला होता. नखं निळसर. काठी फारशी उचलली जात नव्हती.

हेर्लानने वाजवणं कधी थांबवलं ते त्याला आठवत नाही. बेस आपटल्याचा मोठा आवाज झाला, आणि त्या आवाजालाही फौझानच्या पापण्या हलल्या नाहीत. त्याने त्याला काखेत धरून उभं केलं, थोबाडीत मारल्या, नावाने हाका मारल्या, "बोल, काहीही बोल, मावशीचं नाव सांग!" फौझान म्हणाला, "वाजवा ना," आणि त्याचे गुडघे गेले. हेर्लानने दारातून खाली ओरडून सांगितलं. आयुष्यात इतक्या मोठ्याने तो कधी ओरडला नव्हता; रस्त्यावरचे लोक वर बघायला लागले. इस्त्रीच्या मुली धावत आल्या, लाँड्रीतली बाई "या अल्ला, या अल्ला" करत पाय धरून त्याला जिन्याने उतरवायला लागली. कुणीतरी म्हणालं, वारा बसला असेल, तेल लावा. "वारा नाही!" हेर्लान त्याच्यावर खेकसला. "पुताव घेतलीय त्याने, पुताव! दवाखान्यात सांगा, मोठ्याने सांगा!" ती गोष्ट त्याने त्या गल्लीत, भर रस्त्यात, नाव घेऊन सांगितली, आणि लोकांचे चेहरे बंद झाले, तरी बाईने लाँड्रीच्या व्हॅनचं मागचं दार उघडलं.

आत धुतलेल्या कपड्यांची गरम गाठोडी होती. त्यांच्यावर त्याला आडवं केलं. बाईच गाडी हाकत होती, एकसारखा भोंगा वाजवत. हेर्लानने त्याची हनुवटी वर उचलून धरली, नाक दाबलं, तोंडाला तोंड लावून हवा आत फुंकली. छाती फुगली. त्याने कान त्याच्या तोंडाशी नेला. खालून, पाण्यातून आल्यासारखी, ती घरघर आली. थांबली. गाडी वळणावर कलंडली, चादरींचं एक गाठोडं त्याच्या पाठीवर येऊन पडलं. पुढची घरघर यायची वेळ झाली आणि गेली. त्याच्या कानात आता कसलंच सुख नव्हतं, कसलीच लय नव्हती, फक्त एक रिकामी जागा होती, आणि ती तो भरू देणार नव्हता, तिच्यावर कुठलाच सूर टाकणार नव्हता. त्याने पुन्हा फुंकलं. "किती दूर?" "सिग्नल आहे!" "तोडा!" त्याने पुन्हा फुंकलं, पुन्हा कान नेला. काही नाही. पुन्हा. बाई काहीतरी पुटपुटत होती. पुन्हा.

मग श्वास आला. फार उशिरा, पण आला. आणि हेर्लान पुढच्याची वाट न पाहता परत वाकला.